घरच्या मिरच्या: साठवण, वाळवण आणि स्वयंपाक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चार-पाच झाडं एकदम बहरात आली की आठवड्याला पाव किलो मिरची सहज निघते, आणि घरात लागतात रोजच्या चार. उरलेलीचं काय करायचं, यावरचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. मिरची नासते ती बहुतेक वेळा ओलीमुळे. खालच्या निम्म्याअधिक उत्तरांत तीच एक गोष्ट वेगवेगळ्या रूपांत भेटेल.

मिरची नेमकी कधी तोडायची?

हिरवी हवी असेल तर ती पूर्ण लांबीची, घट्ट आणि चकचकीत झाल्यावर. वाकवली की कटकन मोडली पाहिजे. दाबल्यावर पोकळ, मऊ लागली तर अजून कोवळी आहे. अशी मिरची दोन दिवसांत सुरकुतते आणि तिला तिखटपणाही बेताचाच असतो. लाल हवी असेल तर तिथून पुढे साधारण दोन ते तीन आठवडे झाडावरच राहू द्या.

तोडताना देठासकट तोडा. देठ वरच्या दिशेने उचलला की तो सांध्यातून अलगद सुटतो. खाली ओढलात तर फांदीच हातात येते, कारण मिरचीची फांदी ठिसूळ असते. सकाळचं दव वाळल्यावर तोडा. पावसात भिजलेली मिरची तोडून डब्यात भरली तर तिचं काय होणार हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वासावरूनच कळतं. आणि तोडा नियमित ठेवा. झाडावर मिरच्या लाल होत राहिल्या की नवी फुलं कमी येतात.

हिरवी तोडलेली मिरची घरात ठेवून लाल होते का?

पूर्ण हिरवी असेल तर नाही, ती नुसती वाळते. मिरची म्हणजे केळं किंवा आंबा नव्हे, तिची आढी लागत नाही. मात्र रंग पालटायला लागलेली, म्हणजे तपकिरी झाक किंवा एका बाजूला लाली आलेली मिरची टोपलीत, सावलीत ठेवली की तीन-चार दिवसांत लाल होते.

हिरव्या मिरचीवर जांभळट काळे पट्टे आले आहेत. रोग आहे का?

ते उन्हाचे पट्टे आहेत. उघड्या उन्हात किंवा थंडीच्या दिवसांत सालीत जांभळा रंग उतरतो. मिरची खायला चांगली असते. रोग वेगळा दिसतो: गोल, खोलगट डाग, त्यात वर्तुळात वर्तुळ आणि मधे काळे ठिपके. ती फळकुज. अशी मिरची साठवू नका, वाळवूही नका; एक मिरची शेजारच्या दहा बिघडवते.

फ्रीजमध्ये हिरवी मिरची जास्तीत जास्त दिवस कशी टिकेल?

धुऊ नका. धुतलेलीच असेल तर पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. मग फुटलेल्या, मऊ पडलेल्या, डाग असलेल्या निवडून बाजूला काढा.

आठवडाभरात संपणार असतील तर देठ राहू द्या. त्याहून जास्त ठेवायच्या असतील तर देठ काढा, कारण देठ आणि त्याची टोपी यांच्यामध्ये ओल धरून राहते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. देठ काढताना मिरची फाटली तर ती आधी वापरायच्या वाटीत टाका. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला टिपकागद किंवा जुना सुती कपडा, त्यावर मिरच्या, वर पुन्हा कागद. डबा दाबून भरू नका. चार दिवसांनी उघडून कागद दमट लागला तर बदला. अशा मिरच्या दोन ते तीन आठवडे चांगल्या राहतात.

डबा भाजीच्या कप्प्यातच ठेवा. मिरचीला ७ ते १० अंश सेल्सिअस मानवतं. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली की तिला थंडी बाधते: सालीवर बारीक खड्डे पडतात, आतलं बी तपकिरी होतं आणि बाहेर काढल्यावर मिरची एका दिवसात लिबलिबीत होते. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नका, तिच्या आतल्या बाजूला साचलेले थेंब पुन्हा मिरचीवरच ओघळतात.

आत बी काळं निघालं. खावी का?

नुसतं बी तपकिरी असेल, गर कडक असेल आणि वास ताजा असेल तर बी झटकून वापरा. पोकळीत राखाडी किंवा काळा कापूस दिसला, कुबट वास आला की टाकून द्या. बाहेरून धड दिसणाऱ्या मिरचीतही आत बुरशी असू शकते, म्हणून वाटणात घालण्यापूर्वी साठवणीतली प्रत्येक मिरची मोडून आत पाहायची सवय लावा.

फ्रीझरमध्ये ठेवली तर चालते का?

चालते, आणि पावसाळ्यातल्या तोड्यासाठी हाच सगळ्यात बिनघोर मार्ग आहे. धुऊन, अगदी कोरड्या करून, देठ काढून मिरच्या ताटात एकेरी पसरून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाल्या की पिशवीत भरून हवा काढून बांधा. आधी पसरून गोठवल्यामुळे त्यांचा गोळा होत नाही, हव्या तेवढ्याच काढता येतात. आठ-दहा महिने टिकतात. गोठलेली मिरची सुटायची वाट न पाहता तशीच कापा. सुटल्यावर ती मऊ होते, त्यामुळे कोशिंबिरीला किंवा वड्याबरोबर तळायला नको; फोडणी, आमटी आणि वाटण यांना काहीच फरक पडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मिरची-आलं-मीठ वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवणं. १०० ग्रॅम मिरचीला एक चमचा मीठ आणि एक चमचा तेल. पाणी घालू नका. ट्रेला तिखट वास कायमचा बसतो, तेव्हा तो ट्रे वेगळाच ठेवा.

लाल मिरची घरी कशी वाळवायची?

पूर्ण लाल, देठाजवळही हिरवी नसलेली मिरची घ्या. काही मिरच्यांचे खांदे हिरवट असतील तर सगळा तोडा सावलीत सुती कपड्याखाली एक-दोन दिवस ढीग करून ठेवा, रंग एकसारखा होतो. त्याहून जास्त ठेवल्यास ढीग तापतो आणि मिरच्या मऊ पडतात.

मग स्वच्छ कपड्यावर एकेरी थर. गच्चीच्या तापल्या फरशीवर थेट घालू नका; खाली बाज, चाळणी किंवा जाळीचा ट्रे असावा म्हणजे खालूनही वारा खेळतो. नंदुरबारला मोकळ्या माळावर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात, तिथे कोरडी हवा आणि वारा मदतीला असतो. शहरातल्या गच्चीवर तेवढा वारा मिळेलच असं नाही. दिवसातून दोनदा वरखाली करा. ऊन उतरलं की गोळा करून आत घ्या. हा टप्पा बरेच जण आळसाने गाळतात, आणि रात्रीच्या दवाने दिवसभराचं वाळवण पुन्हा दमट होतं. आधी ओली, मग सुकी, पुन्हा ओली, असं चार वेळा झालं की बुरशी धरलीच समजा. मिरचीवरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. ते शिजवून किंवा भाजून जात नाही, त्यामुळे बुरशी आलेल्या मिरचीला ऊन दाखवून ती ‘वाचवायची’ नाही.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात लवंगी-ज्वालासारखी पातळ सालीची मिरची आठ-दहा दिवसांत वाळते, जाड सालीच्या मिरचीला पंधरा दिवसही लागतात. जाड असेल तर उभी चीर द्या. वाळताना काही मिरच्या पांढरट-पिवळट पडतात, बाजारात तिला फटकी म्हणतात. अर्धवट पिकलेली तोडणं, झाडावर पाऊस लागणं किंवा फार कडक ऊन, अशी तिची कारणं. फटकी वेगळी काढा. तिखटात घातली तर सगळ्याचा रंग उतरतो. एक किलो ओल्या लाल मिरचीची साधारण २५० ते ३०० ग्रॅम सुकी मिरची होते.

पावसाळा आहे, किंवा परदेशात ऊनच नाही. मग?

ओव्हन किंवा डिहायड्रेटर ५५ ते ६० अंशांवर ठेवा. मिरच्या उभ्या चिरून चिरलेली बाजू वर ठेवा, म्हणजे आतली वाफ लवकर निघते. ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडं ठेवा. आठ ते बारा तास लागतात. खिडक्या उघड्या हव्यात, घरात खोकला सुरू होतो. घाईने ओव्हन १०० अंशांवर नेलात तर साल करपते, तिखट कडू आणि तपकिरी होतं. मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नका. एकीकडे जळते, दुसरीकडे ओलीच राहते, आणि दार उघडल्यावर येणारा धूर डोळ्यांना झोंबतो.

मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात वाळवणाचा हट्ट नको. लाल मिरची फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर तिचा रंजका, म्हणजे लसूण-मीठ-लिंबाबरोबर वाटून आंबवलेली चटणी, करा (कृती खाली आहे).

मिरची पुरेशी वाळली हे कसं ओळखायचं?

उन्हातून काढल्यावर अर्धा तास सावलीत ठेवा आणि मग पाहा, गरम मिरचीवरून अंदाज चुकतो. कानाशी हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि देठ मोडला पाहिजे. खात्रीसाठी मूठभर मिरच्या काचेच्या बरणीत दोन दिवस बंद ठेवा. आतून काच धूसर झाली किंवा मिरची मऊ पडली तर सगळ्यांना आणखी दोन ऊन दाखवा.

सुक्या मिरचीला कीड लागू नये म्हणून काय करावं?

देठासकट साठवा. देठ काढला की आत शिरायला वाट मिळते. घट्ट झाकणाचा डबा, वर हिंगाचे दोन-चार खडे ही जुनी पद्धत चांगली आहे, पण सादळलेल्या मिरचीला हिंग वाचवत नाही. बारीक भोकं, तळाला भुकटी आणि छोटे तपकिरी भुंगेरे दिसले की डबा रिकामा करा. किडकी मिरची टाका. उरलेली बंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, भुंगेरे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प थंड मिरचीवर बसून ती ओली होते. वर्षभराचा साठा असेल तर काही भाग फ्रीजमध्येच ठेवणं उत्तम, रंगही टिकतो.

घरच्या मिरचीचं लाल तिखट करता येईल का? रंग येत नाही.

रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळी कामं आहेत. कुंडीत साधारणपणे लवंगी, ज्वाला अशा तिखट जाती असतात आणि त्यांचा रंग फिकट पडतो. ब्याडगीचं उलट: सुरकुतलेली, गडद लाल, तिखट बेताची. (२०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते.) म्हणून घरची तिखट मिरची एक भाग आणि ब्याडगी दोन ते तीन भाग असं मिसळा. संकेश्वरी मिळाली तर चव आणखी गोल होते.

देठ काढा, मिरच्या मंद आचेवर चमचाभर तेलात दोन मिनिटं परता किंवा एक कडक ऊन द्या. पूर्ण गार झाल्यावर एकावेळी ५० ते १०० ग्रॅम दळा, मिक्सर वीस सेकंद चालवून थांबवा, पुन्हा चालवा. सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि तिखटाचे गोळे होतात. झाकण लगेच उघडू नका, पाच मिनिटं भुकटी खाली बसू द्या. चाळून, काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. बिया निम्म्या झटकल्या तर रंग जास्त येतो. तिखटपणा फारसा घटत नाही.

तिखटपणा बियांत नसतो?

नसतो. बिया ज्या पांढरट शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून भजी किंवा भरल्या मिरचीसाठी तिखट कमी करायचं असेल तर चमच्याच्या मागच्या टोकाने शीर खरवडून काढा. मिरची उभी चिरून पाहा, ज्या बाजूची शीर जाड आणि पिवळसर, तिथे जीभ जास्त पोळते. एकाच झाडाच्या दोन मिरच्या वेगळ्या लागतात त्याचं कारण ऊन आणि पाणी: पाण्याचा ताण पडलेल्या, कडक उन्हातल्या मिरच्या जास्त तिखट होतात, संततधारेतल्या मिळमिळीत.

ठेचा मिक्सरमध्ये केला की बिघडतो. का?

कारण तो वाटला जातो, ठेचला जात नाही. मिक्सरमध्ये मिरची आणि शेंगदाणे एकजीव होऊन चटणी होते. खलबत्त्यात किंवा तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडताना साल, बी, लसूण असे वेगवेगळे राहतात आणि प्रत्येक घासात वेगळं काहीतरी लागतं.

१०० ग्रॅम हिरवी मिरची, १२-१५ लसूण पाकळ्या, ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, चमचाभर जिरं, चमचाभर जाड मीठ, दोन मोठे चमचे तेल. मिरच्या हाताने मोडून घ्या. अख्खी मिरची तव्यावर फुटून उडते. लोखंडी तवा मध्यम आचेवर ठेवून तेलात मिरच्या पाच-सहा मिनिटं भाजा, सालीवर पांढरे फोड आणि त्यांवर काळपट ठिपके यायला हवेत. लसूण शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातला तर करपून कडू होतो. जिरं, मीठ घालून रगडा, मीठ जाड असलं की ते दळायचं काम करतं. शेंगदाणे शेवटी आणि भरड. फ्रीजमध्ये आठवडा टिकतो. कोथिंबीर घातली तर दोन दिवसांत संपवा.

ओल्या लाल मिरचीचा रंजका कसा करतात?

ओली लाल मिरची ५०० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, मीठ ७० ग्रॅम, लिंबाचा रस अर्धी वाटी, तेलात तळून कुटलेली मेथी एक चमचा, हिंग अर्धा चमचा. मिरच्या धुऊन पुसून चार तास कपड्यावर पसरा, मग देठ काढा. देठ आधी काढून धुतल्या तर पाणी आत शिरतं. पाण्याचा थेंबही न घालता सगळं भरड वाटा. बरणी तीन-चतुर्थांशच भरा, तोंडाला दादरा बांधा आणि तीन दिवस बाहेर ठेवून रोज कोरड्या चमच्याने हलवा. बुडबुडे येतील, आंबूस वास येईल, ते हवंच आहे. मग फ्रीजमध्ये. दोन-तीन महिने टिकतो. वाढताना तेवढ्यापुरती मोहरी-हिंगाची फोडणी घाला. भाकरीबरोबर वर तेल घेऊन खायचा.

मिठाला घाबरून ते निम्मं करू नका. फसफसून वर येणाऱ्या रंजक्यात बहुतेकदा मीठच कमी पडलेलं असतं. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळा टाका.

सांडगी मिरची काळी पडते किंवा तिला बुरशी येते. काय चुकतं?

दही पातळ असतं. जाडसर, कमी तिखट ५०० ग्रॅम हिरव्या मिरच्या धुऊन कोरड्या करा, देठ ठेवून उभी चीर द्या. धने ५० ग्रॅम, जिरं दोन मोठे चमचे, मेथी एक मोठा चमचा हे भरड कुटा. त्यात हळद, हिंग एकेक चमचा आणि मीठ ५० ग्रॅम घाला. हे आंबट दह्याच्या घट्ट चक्क्यात, अर्ध्या वाटीत, कालवून भरा. पहिले दोन दिवस ऊन कडक हवं. ढगाळ हवेत घातल्या की आतलं सारण आंबतं. चार-पाच दिवसांत देठ कटकन मोडेल, मग डब्यात. तळताना तेल मध्यम तापलेलं असावं, अर्ध्या मिनिटात बदामी होतात. दहीभाताला याहून चांगली जोड नाही.

मिरची आणि लसूण नुसते तेलात बुडवून बाहेर ठेवले तर?

हे करू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि ओल्या, आंबटपणा नसलेल्या पदार्थात अशा जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. त्यांच्या विषाला वास नसतो, रंग नसतो. ताजी मिरची तेलात घालायची तर फ्रीजमध्ये आणि आठवड्यात संपवायची. लोणचं टिकतं ते मीठ, मोहरी आणि लिंबाच्या आंबटपणामुळे. वरचं तेल हवेतली बुरशी अडवतं, बाकी काम त्याचं नाही.

व्हिनेगरमधली मिरची सोपी. चकत्या करून बरणीत भरा, ५ टक्के आम्लतेचं उकळतं व्हिनेगर बुडेपर्यंत ओता, १०० मिलिलिटरला अर्धा चमचा मीठ. गोव्यात माडाच्या व्हिनेगरमध्ये सुकी लाल मिरची वाटून रेशाद मसाला करतात, तोही आंबटपणामुळेच फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने राहतो. काणकोणजवळच्या खोला गावची मिरची (मानांकन २०१९) हातात आली तर तिचा करून पाहा.

फोडणीत मिरची टाकली की घरभर खकाणा उठतो. टाळता येईल?

तेल धुरावर गेलेलं असतं. मोहरी तडतडली की गॅस बारीक करा, हिंग, मग मिरची. हिरवी मिरची चिरून किंवा टोक मोडून घाला, अख्खी फुटते. सुकी लाल मिरची दहा सेकंदांत गडद होते, काळी व्हायच्या आत कढीपत्ता किंवा भाजी पडली पाहिजे. लाल तिखट गरम तेलात घालायचं तर गॅस बंद करून घाला आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडा. रंग तेलात उतरतो, तर्री लाल येते, करपट वास येत नाही.

भाजी फार तिखट झाली तर?

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतं. म्हणून नुसतं पाणी वाढवून रस्सा पातळ होतो, तोंड भाजतंच. नारळाचं दूध, शेंगदाण्याचं कूट, साय किंवा दही घाला. दही फेटून, गॅस बारीक करून. थोडा गूळ आणि कोकम-चिंच चव सावरतात. बटाटा तिखट ‘शोषून घेतो’ असं म्हणतात, तसं नसतं. तो फक्त भाजीचं प्रमाण वाढवतो, पण तेवढ्यानेही काम भागतं. जीभ पोळली असेल तर दूध किंवा दही-भात.

हाताची आग होते आहे.

आधी गोडेतेल चोळा, दोन मिनिटांनी भांड्यांच्या साबणाने धुवा, गरज पडली तर पुन्हा. आधी पाणी लावलं तर आग पसरते. डोळ्यांना हात लागला असेल तर तेल वगैरे काही नको, भरपूर साध्या पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मिरची चिरण्याआधी हातमोजे घालावेत; बोटांवरचं तिखट एका धुण्यात जात नाही. भूत जोलोकिया लावली असेल तर हातमोजे सक्तीचेच, तिची तिखटता स्कोव्हिल मापावर १० लाखांच्या वर जाते आणि घरच्या रश्श्याला तिचा नखाएवढा तुकडा पुरतो.

ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली. ढोबळी तिखट होईल का? बी ठेवू का?

या वर्षीची ढोबळी तिखट होत नाही. फळाचा गर आणि शीर आईच्या झाडाची असते. परपरागाचा परिणाम फक्त बियांत उतरतो, म्हणजे त्या बिया पुढच्या वर्षी लावल्या तर तिखट ढोबळी निघू शकते. बियाणं ठेवायचं झाड दुसऱ्या जातींपासून लांब ठेवा, किंवा कळी उमलण्याआधी त्या फांदीला मलमलची पिशवी बांधा आणि रोज फांदी हलकेच टिचका. फळ पूर्ण लाल होऊन सुरकुतू लागलं की बी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटावर जात आणि महिना लिहून डब्यात ठेवा.